कारवानची धाव आणि त्याचा विश्वास

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, गुरे यांच्या खरेदीविक्रीसाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. खंडोबाच्या परिवारात घोड्याप्रमाणेच कुत्र्यालाही मानाचे स्थान असल्यामुळे की काय, या यात्रेत अश्व आणि कुक्कुट यांच्याबरोबर श्वानांचेही प्रदर्शन भरवले जाते. तेथे परदेशी जातींच्या गर्दीत एक उंच, सडपातळ कुत्रा उठून दिसतो. खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब निमुळते तोंड. हाच कारवान. कानांवर आणि शेपटीवर रेशमासारखे लांब केस असलेल्या त्याच्या भाऊबंदाला ‘पश्मी’ म्हणतात. व्यापारी काफिल्यांबरोबर हा कुत्रा दख्खनेत आला असे सांगितले जाते, आणि त्याचे नावही तेच सुचवते. कृष्णेपलीकडे मुधोळचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोपासना केली, म्हणून तिकडे तो ‘मुधोळ हाउंड’ झाला. 2005 मध्ये डाक विभागाने काढलेल्या भारतीय श्वानांच्या तिकिटांवर त्याच नावाने तो झळकला.

प्रदर्शनात त्याची परीक्षा होते ती उभ्या स्थितीत: उंची, दात, पाठीची रेषा. परंतु या प्राण्याचे खरे धन त्याच्या धावण्यात आहे. भरधाव असताना प्रत्येक झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात, एकदा शरीर आखडलेले असताना आणि एकदा पूर्ण ताणलेले असताना. ही धाव पूर्वी सशाच्या मागे खर्ची पडत असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. मात्र धावण्यासाठी घडलेला कुत्रा त्यानंतर बेकार झाला. आज तो पुष्कळदा गोदामाच्या किंवा शेतघराच्या दाराशी साखळीला बांधलेला आढळतो. बांधलेला कारवान राखणदार होत नाही. तो एक तर भित्रा होतो किंवा चिडका.

त्याच्या पायांना पुन्हा काम देणारा आणि कोणत्याही जिवाला न दुखवणारा एक खेळ जगात रूढ झाला आहे. 1978 मध्ये इंग्लंडमधील ‘क्रफ्ट्स’ या श्वान प्रदर्शनात, दोन कार्यक्रमांमधील मोकळ्या वेळात प्रेक्षकांचे मन रमावे म्हणून घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून बेतलेला एक खेळ दाखवण्यात आला. त्यातूनच ‘ॲजिलिटी’ ही अडथळ्यांची शर्यत जन्मास आली. आडव्या दांड्या, कापडी बोगदा, उतरत्या फळ्यांचा ‘ए-फ्रेम’, वरखाली होणारा सीसॉ आणि साठ सेंटिमीटर अंतरावर रोवलेले बारा दांडे, हे सर्व नेमलेल्या क्रमाने आणि नेमलेल्या वेळेत पार करायचे असते. दांडी पडली किंवा कुत्र्याने अडथळा नाकारला तर दोष लागतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मालकाच्या हातात काही असता कामा नये. साखळी नाही, खाऊ नाही, कुत्र्याला स्पर्शही नाही. उरतात ते फक्त मालकाचे शरीर, त्याचा आवाज आणि कुत्र्याचा विश्वास.

या मैदानावर बॉर्डर कॉली ही मेंढपाळांची जात राज्य करते, कारण माणसाच्या खुणेकडे पाहत काम करणे तिच्या रक्तातच आहे. कारवान मात्र क्षितिजाकडे पाहतो. मोकळ्या रानात वाऱ्याशी स्पर्धा करणारा हाच कुत्रा अडथळ्यांपुढे रेंगाळतो, जमीन हुंगू लागतो, जांभया देतो. मालक त्याला आळशी ठरवतो. वस्तुतः ही आळसाची नव्हे, संभ्रमाची चिन्हे होत. लांब झेपेच्या कुत्र्याला उडीपूर्वी पावले आखूड करावी लागतात. कोठे उडायचे याची खात्री नसेल तर तो आधीच थबकतो. खूण उशिरा मिळाली तर वळणावर चुकतो. चुकल्यावर ओरडा बसला की पुढच्या खेपेस आणखी सावकाश येतो. म्हणूनच त्याला घाई करायला लावून वेग वाढत नाही. त्याच्या मनातील शंका कमी झाली की तो वाढतो.

सुरुवात अगदी खालून करावी. दांडी चक्क जमिनीवर ठेवावी. कुत्रा तिच्यावरून धावत गेला की बक्षीस पुढच्या बाजूला, त्याच्या धावेच्या दिशेने टाकावे. मालकाच्या हातातून दिलेला घास कुत्र्याला मागे वळायला शिकवतो. पुढे पडलेला घास पुढे पळायला शिकवतो. पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे यासाठी उत्तम. मनुका, द्राक्षे, कांदा आणि चॉकलेट मात्र कुत्र्याला बाधतात, तेव्हा ती कटाक्षाने टाळावीत. कारवानला खाण्यापेक्षा पळणाऱ्या वस्तूचे आकर्षण अधिक असते. काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला कापडाची पट्टी बांधून ती जमिनीवरून ओढली की त्याच्या डोळ्यांत चमक येते. पाठलागाची भूक कापडावर भागते, आणि तेच त्याचे सर्वांत मोठे पारितोषिक ठरते.

बोगदा प्रथम हातभर लांबीचा असावा, दुसऱ्या टोकाला मालकाचा चेहरा दिसावा. आडतीच्या घरात साधनांची वाण नसते. तळ कापलेले दोन मोठे पिंप, जुना ताडपत्रीचा तुकडा, ठिबक सिंचनाच्या कामातून उरलेल्या नळ्या एवढ्यावर परसात मैदान उभे राहते. बारा दांड्यांची नागमोडी चाल सर्वांत अवघड. तेथे दांड्यांच्या दोन रांगा करून मधून सरळ वाट ठेवतात आणि ती वाट आठवड्यागणिक बोटा-दोन बोटांनी अरुंद करत नेतात. कुत्रा पहिल्या दिवसापासून धावतच असतो. वाकणे त्याला नकळत येते. सीसॉ आदळल्याचा आवाज अनेक कुत्र्यांना कायमचा घाबरवतो, म्हणून फळीखाली घडी केलेला बारदाना ठेवावा आणि ती जमिनीपासून जेमतेम वीतभर हलू द्यावी. सराव पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. कुत्र्याला आणखी हवे असतानाच खेळ थांबवावा.

व्यापारी घरांना यातील एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. बाजारातील पत जशी जमते तसाच कुत्र्याचा विश्वास जमतो, आणि तसाच मोडतो. पनीर दाखवून मूठ झाकणारा मालक, बोलावून घेऊन मग साखळीत अडकवणारा मालक, यांची हुंडी कुत्रा पुन्हा वटवत नाही.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते या संदर्भात ताडून पाहण्यासारखे आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. काटेरी पट्टा, छडी, शोभेसाठी कान-शेपूट छाटणे, कोवळ्या सांध्यांवर लादलेल्या उड्या आणि खाण्यासाठी आतुर व्हावा म्हणून उपाशी ठेवलेले पिल्लू! जुन्या पद्धतीच्या श्वानशिक्षणातील जवळजवळ प्रत्येक खोड या पाचांत सापडते. आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही या पाचही गोष्टी वेग मारणाऱ्याच आहेत.

यांतील भाराचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. स्पर्धेत उतरण्यासाठी कुत्रा किमान अठरा महिन्यांचा असावा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत उंच उड्या देऊ नयेत. शंका असल्यास पशुवैद्याला दाखवावे; उदगीर आणि परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. मराठवाड्याची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात निसरडी होते. दोन्ही वेळी पाय मुरगळतो. तेथे वाळूचा थर द्यावा. एप्रिल-मेमध्ये सराव उजाडताच उरकावा. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंगातील उष्णता बाहेर टाकतो, म्हणून तळहात जमिनीवर सुखाने टेकवता येत नसेल तर त्या दिवशी धाव नाही. खोल छातीच्या कुत्र्याला भरल्या पोटी पळवणे जिवावर बेतू शकते. जेवण आणि सराव यांत काही तासांचे अंतर असावे.

घरच्या परसात भरधाव पळणारा कारवान गर्दीत मात्र पुन्हा आखडतो. त्याचाही सराव लागतो. मोंढ्याच्या फाटकाबाहेर, हमालांची हाक आणि ट्रकचा भोंगा दुरून ऐकू येईल अशा ठिकाणी, त्याच्याबरोबर नुसते बसावे. कान मागे पडले तर आणखी दूर जावे. शेपूट सैल झाली की चार पावले जवळ. पहिल्या स्पर्धेत त्याने बहुधा एखादी दांडी चुकवेलच. पंच हात वर करील, वहीत दोष लिहिला जाईल. मालकाने तरीही न थांबता, स्वर न बदलता पुढच्या सोप्या अडथळ्याकडे धावावे, आणि मैदानाबाहेर आल्याबरोबर कापडाची पट्टी जमिनीवरून सळसळत ओढावी.