मोटारींतील शीळ

आमच्या चिरंजीवांनीं गेल्या दिवाळींत मोटारींत गाण्यासाठीं ध्वनिवर्धक बसवून घेतला. पहिल्याच फेरीस गाण्यामागून एक बारीक शीळ ऐकूं आली. एंजिनाची गति वाढे तसा तिचा स्वर चढे. दुकानदार म्हणाला, ‘वर्धकच बदला.’ आम्हीं म्हटलें, कार्य दिसलें कीं आधीं कारण शोधावें. नैयायिकांचा हा धडा यंत्रासही लागू आहे.

अशी शीळ बहुधा आल्टरनेटरची असते व सदोष अर्थिंगच्या वाटेनें शिरते. पाहतों तों अर्थिंगची तार रंगविलेल्या पत्र्यावरच आवळलेली! बॅटरी सोडवून, रंग खरवडून, ती आंखूड करून उघड्या धातूवर घट्ट बसवितांच शीळ थांबली. ‘गेन’ची कळही शेवटपर्यंत पिळलेली होती. ती आवाज वाढविण्याची नव्हे, रेडिओ व वर्धक यांचा मेळ घालण्याची. सूर फाटणार नाहीं इतकी ती मागें घेतली.

परंतु खरें भय पुढेंच होतें. बॅटरीकडून येणाऱ्या तारेंत फ्यूजच नव्हता! 12 व्होल्टांस क्षुद्र लेखूं नये. 480 वॅट म्हणजे 40 अँपिअर प्रवाह. आवरण पत्र्यास घासून फाटलें, तर तार तापून आग लागावी. आणि त्याच मोटारींतून आमचीं नातवंडें रोज शाळेस जात होतीं. हा फ्यूज तारेचा रक्षक होय. म्हणून तो बॅटरीपासून हातभर अंतराच्या आंत, तारेस सोसेल तेवढ्याच अँपिअरचा हवा.

वाचकांनींही एकदां बॉनेट उघडून तो पाहावा, गाणें त्यानंतर.