पावसाची नोंद दुरून, राखण मात्र आपलीच



पावसाळ्यात गेवराईच्या बाजारात दोन गावांची माणसे भेटली की पहिला सवाल ठरलेला. "तुमच्याकडं किती पडला?" उत्तरेही ठरलेली. "धूळ बसली, बस्स." "ओढ्याला पूर आला." "बांध फुटले, काही ठेवलं नाही." ही आपली वाडवडिलांपासूनची मोजमापे. ती खोटी नाहीत. परंतु नुकसानीच्या मदतीचा कागद तयार होतो तेव्हा त्यात 'बांध फुटले' एवढे लिहून भागत नाही, तिथे मिलिमीटरचा आकडा लागतो. हा आकडा येतो कोठून, तो कोण लिहितो आणि तो बरोबर आहे की नाही हे आपणांस कसे कळावे, याविषयी चार गोष्टी या अंकात सांगाव्यात असे आम्ही ठरविले.

जुनी रीत पुष्कळांच्या पाहण्यातली आहे. तहसील कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक असे. सकाळी साडेआठ वाजता माणूस जाई, आतली बाटली काढून मापाच्या काचेच्या नळीत पाणी ओती आणि आकडा वहीत लिही. मागल्या सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ, हा पावसाचा एक दिवस. ही पद्धत चांगलीच होती, पण तालुका केवढा मोठा! उत्तरेला गोदाकाठ, खाली सिंदफणेचे खोरे. चकलांब्याला ढगफुटी व्हावी आणि तलवाड्याला ऊन पडावे, हे आपण दर साली पाहतो. गेवराईच्या एका मापाने साऱ्या तालुक्याचा पाऊस ठरवायचा म्हणजे एका मोळीवरून साऱ्या फडाचे वजन सांगण्यासारखे झाले.

म्हणून मोजणी महसूल मंडळावर आली. मादळमोही, जातेगाव, धोंडराई, उमापूर, सिरसदेवी, रेवकी अशा मंडळांचा पाऊस आता वेगवेगळा धरला जातो. २०१७ साली राज्य शासनाने 'महावेध' प्रकल्प हाती घेतला. नागपूर जिल्ह्यातील डोंगरगावापासून सुरुवात होऊन राज्यातील दोन हजारांवर मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. खांब, त्यावर सौर तबकडी, वाऱ्याच्या फिरत्या वाट्या, पांढरी पेटी आणि भोवती जाळीचे कुंपण, असे त्याचे रूप. रस्त्याने जाता-येता आपण ते पाहिलेही असेल.

यंत्र काम कसे करते?

पाऊस मोजण्याची युक्ती तशी साधी आहे. वर नरसाळे, त्याखाली तराजूसारखी दोन छोट्या वाट्यांची झुलती दांडी. नरसाळ्यातून येणारे पाणी एका वाटीत पडते. वाटी भरली की दांडी कलंडते, पाणी सांडून जाते आणि दुसरी वाटी नरसाळ्याखाली येते. दर कलंडीला एक चुंबक आतली कळ दाबल्यासारखी बंद करतो आणि यंत्र एक आकडा पुढे मोजते. एक कलंडी म्हणजे किती पाऊस, हे बनवतानाच ठरलेले असते, बहुधा मिलिमीटरचा काही अंशच.

मोजलेला आकडा पेटीतल्या नोंदयंत्रात वेळेसकट साठतो. तिथे मोबाईलसारखेच सिम कार्ड असते. ठरल्या वेळाने ते सारे आकडे दूरच्या संगणकाकडे पाठविते. रात्री दोनला पाऊस झाला तरी कोणाला उठावे लागत नाही, आणि कोणाला वाटले म्हणून पाच मिलिमीटर जास्त लिहिताही येत नाही. हा या यंत्राचा मोठा गुण.

आता मिलिमीटर म्हणजे काय, तेही पाहून घेऊ. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरी हिशेब केला तर सुमारे चार हजार लिटर. ६५ मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे एका एकरावर दोन लाख साठ हजार लिटरच्या वर पाणी पडले, दहा हजारी टँकर सव्वीस!

६५ या आकड्याचे महत्त्व

सव्वीस टँकरांचा हिशेब उगाच मांडला नाही. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी मानली जाते. नुसत्या या आकड्याने मदत मिळते असे नव्हे. पंचनामा व्हावा लागतो, ३३ टक्क्यांवर नुकसान दिसावे लागते. पण मंडळाचा आकडा ६४ वर थांबला तर पुढचे सगळे अवघड होऊन बसते. ज्यांची मोसंबी किंवा डाळिंब आहे त्यांना हे अधिक लागू. फळपिकांच्या हवामानाधारित विम्यात भरपाई मुख्यतः केंद्राने नोंदविलेल्या पावसावर आणि तापमानावरच ठरते. झाडाखाली फळांचा सडा पडला असला तरी खांबावरचे यंत्र काय म्हणते ते आधी पाहिले जाते.

म्हणजे हे यंत्र आपला साक्षीदार आहे. कोर्टकचेरी केलेल्या सभासदांस सांगावयास नकोच, साक्षीदार चांगला असून भागत नाही, त्याला नीट दिसलेही पाहिजे.

आमचीच एक चूक

दुसऱ्याचे कशाला, आमच्याच घरचा दाखला देतो. आपल्या एका गट ऑफिसच्या आवारात असेच स्वयंचलित पर्जन्यमापक बसविलेले. पावसाळ्यातल्या एका सकाळी एक वयस्कर सभासद, गावात त्यांना सारे आबा म्हणतात, भिजल्या धोतराने ऑफिसात आले. हातात तोंड कापलेला तेलाचा पत्र्याचा डबा आणि शाळेतली फूटपट्टी.

"काय हो साहेब, तुमचं यंत्र काय म्हनतंय?"

"एकेचाळीस मिलिमीटर, आबा."

"माझ्या डब्यात सात सेंटीमीटर पानी हाय. म्हंजे सत्तर झालं. दोघांतला एक खोटं बोलतोय. अन् डब्याला काही खोटं बोलायची अक्कल नाही."

आमचा कारकून म्हणाला, "आबा, ते कॉम्प्युटरचं यंत्र आहे, ते चुकत नसतं." आबा काही बोलले नाहीत. डबा टेबलावर ठेवला आणि बसून राहिले. शेवटी आम्ही शिडी लावून पाहिले. शेजारच्या लिंबाची पाने आणि पाखरांची घाण नरसाळ्याच्या भोकात साचून चिखल झालेला. पाणी नरसाळ्यात तुंबून थेंबथेंब गळत होते. रात्रीचा पाऊस यंत्र दिवसभर मोजत बसले होते, आणि काही पाणी तर काठावरून बाहेर सांडलेले. यंत्राने खोटे लिहिले नाही. त्याच्या वाटीत जेवढे आले तेवढेच त्याने लिहिले. चूक आमची, कारण दोन महिने तिकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते.

ते पर्जन्यमापक कारखान्याचे होते, त्यावर कोणाची मदत अवलंबून नव्हती, म्हणून निभावले. तेच मंडळाचे असते तर? आबांना आम्ही चहा दिला, माफीही मागितली. आणि हा लेख लिहिण्याचे त्याच दिवशी ठरविले.

सभासदांनी काय करावे?

पहिली गोष्ट, आपल्या मंडळाचे केंद्र कोठे आहे ते एकदा जाऊन पाहावे. जागा मोकळी हवी. झाड किंवा भिंत जेवढी उंच, निदान तिच्या दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक असावे, असा नियम आहे. वीस फूट उंच लिंब असेल तर चाळीस फूट मोकळे पाहिजेत. केंद्र बसविताना जागा मोकळी असते, पण पुढे झाड वाढते, कोणी शेड टाकतो, वेल चढतो. तसे दिसले तर फोटो काढावा आणि ग्रामपंचायतीच्या ठरावासह तालुका कृषी अधिकारी व तहसीलदार यांस लेखी कळवावे. हे काम उन्हाळ्यात करावे. पाऊस होऊन गेल्यावर केलेली तक्रार कोणी मनावर घेत नाही.

दुसरी गोष्ट, यंत्राला हात लावू नये. एखादा शहाणा म्हणेल, तांब्याभर पाणी ओतू, काम फत्ते! वीस सेंटीमीटर रुंदीच्या नरसाळ्यात एक लिटर पाणी ओतले तर तीस मिलिमीटरच्या वर पाऊस दिसेल हे खरे. पण तो आकडा वेळेसकट नोंदला जातो. आजूबाजूची सगळी मंडळे कोरडी आणि एकाच ठिकाणी दोन मिनिटांत तीस मिलिमीटर, ही लबाडी लपत नाही. मग पुढे खरा पाऊस पडला तरी त्या केंद्रावर कोणी विश्वास ठेवायचा नाही, आणि एकाच्या चलाखीपायी सारे मंडळ बुडेल.

तिसरी गोष्ट, आबांचा डबा. तळ सपाट, बाजू सरळ उभ्या, तोंड पूर्ण उघडे असा कोणताही डबा चालतो. रुंदी कितीही असो, उंचीच मोजायची. तो मोकळ्या जागी सपाट ठेवावा, वाऱ्याने पडू नये म्हणून कडेला दगड लावावेत. रोज सकाळी साडेआठला फूटपट्टीने पाणी मोजून वहीत तारखेनिशी लिहावे आणि डबा रिकामा करावा. साडेसहा सेंटीमीटर म्हणजे ६५ मिलिमीटर. ही वही सरकारी पुरावा नव्हे. पण एका गावच्या पाच जणांच्या वह्या एकच आकडा सांगू लागल्या, तर केंद्र तपासा असे म्हणायला आपल्याला जोर येतो. मंडळनिहाय पाऊस कृषी खात्याच्या 'महारेन' संकेतस्थळावर पाहता येतो. घरातल्या शाळकरी पोराला सांगा, तो मोबाईलवर काढून देईल. वहीशेजारी तो आकडाही लिहून ठेवावा.

नदीकाठच्या सभासदांसाठी

धरणाचेही तसेच. पैठणच्या नाथसागराची भिंत १९७६ साली पुरी झाली. त्याच्या उजव्या कालव्यावर आपल्या तालुक्यातले कितीतरी फड उभे आहेत. पण याच धरणाचे २७ दरवाजे उघडले की राक्षसभुवन, पांचाळेश्वरपासून खालची सारी गोदाकाठची गावे जागी राहतात. २०२५ च्या सप्टेंबरातला महापूर कोणीच विसरलेला नाही. धरणातून किती क्युसेक सुटले हा आकडा आता मोबाईलवर लगेच फिरतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. नदीवर ज्यांच्या मोटारी आहेत त्यांनी आणखी एक नोंद ठेवावी, किती क्युसेकला पाणी आपल्या मोटारीच्या पायथ्याला लागले. ही खूण ज्याच्या वहीत आहे त्याची मोटार वेळेवर वर येते. दुरून आलेला आकडा आपल्या बांधावरच्या खुणेशी जोडला नाही तर तो नुसता आकडाच राहतो.

आणि हे डोळे आमच्यावरही आहेत

कोणी म्हणेल, कारखाना दुसऱ्याच्या यंत्राबद्दल उपदेश करतो, स्वतःचे काय? रास्त सवाल आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी आदेश काढून जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना अशीच दूरनोंदीची यंत्रे बसविण्यास सांगितले. त्यांत साखर कारखाने आणि आसवन्या दोन्ही आल्या. सांडपाण्याच्या तोंडावर आणि चिमणीवर बसविलेली यंत्रे दर पंधरा मिनिटांचे आकडे थेट मंडळाकडे पाठवितात. मर्यादा ओलांडली की कारखान्याच्या अधिकाऱ्यांस आणि मंडळास आपोआप संदेश जातो.

मर्यादाही ठरलेल्या आहेत. जानेवारी २०१६ च्या नियमांप्रमाणे टनामागे २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी बाहेर सोडता येत नाही. रोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्याला ही मर्यादा दहा लाख लिटर पडते. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते, त्याला जैविक प्राणवायू मागणी म्हणतात. नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यात ती लिटरला ३० मिलिग्रॅम, जमिनीवर सोडावयाच्या पाण्यात १०० मिलिग्रॅमच्या आत हवी. चिमणीतून जाणारी धूळ घनमीटरला १५० मिलिग्रॅमच्या आत हवी.

नाल्याच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी आहेत त्यांना या आकड्यांचा अर्थ आमच्यापेक्षा जास्त कळतो. पण इथेही तीच गोष्ट. नळीच्या तोंडाशी मळ साचला, यंत्र वेळेवर तपासले नाही, तर आकडा चांगला आणि पाणी वाईट असे होऊ शकते. म्हणून आकडा काहीही असो, नाल्याचे पाणी तांबडे दिसले किंवा वास आला तर सभासदांनी गप्प बसू नये. बाटलीत नमुना घ्यावा, वेळ लिहावी आणि शेतकी खात्यात आणून द्यावा. आबांनी डबा आणला तसाच.

वजनकाट्यापाशी ही सवय आपल्याला आहेच. काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी व्हावी लागते, तरीही सभासद पावती हातात घेऊन आकडा वाचतो, शंका आली तर बोलतो. त्यात कोणाचा अपमान नाही, उलट त्यानेच काटा सरळ राहतो. तीच नजर आता पावसाच्या खांबावर, धरणाच्या आकड्यावर आणि कारखान्याच्या नळीवरही असावी, एवढेच आमचे सांगणे.

येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या मंडळाचे केंद्र पाहून या. काय दिसले ते गट ऑफिसात कळवा. आमच्या ऑफिसातले पर्जन्यमापक आता दर पंधरा दिवसांनी साफ होते. खात्री नसेल तर फूटपट्टी घेऊन या, शिडी आम्ही देऊ.