घशाचा विषाणूजन्य कॅन्सर: ऐकीव काय आणि खरे काय

सिंगापुरातल्या चोआ चू कांगमधल्या मराठी घरांत कुणाला घशाचा कॅन्सर झाल्याचे कळले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पण ते तर तंबाखूला शिवतही नव्हते!" तंबाखू आणि दारू ही घशाच्या कॅन्सरची जुनी कारणे आहेतच, पण काही कॅन्सरांमागे विषाणू असतो, आणि त्याबद्दलच्या ऐकीव माहितीने रुग्णाच्या त्रासात भर पडते.

"विषाणू म्हणजे एचपीव्हीच." सिंगापुरात दोन विषाणूंची गल्लत होते. एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा विषाणू), त्यातही १६ क्रमांकाचा प्रकार, टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी कॅन्सर घडवतो. नाकामागच्या घशातला कॅन्सर वेगळा. त्याचा संबंध एपस्टाइन-बार विषाणूशी आहे आणि तो दक्षिण चिनी वंशाच्या लोकांत जास्त आढळतो. खारवलेले चिनी पद्धतीचे मासे हेही त्याचे एक सिद्ध कारण आहे. भारतीयांत तो एकूण कमी दिसतो, अपवाद नागालँडसारख्या ईशान्येकडच्या भागाचा. एपस्टाइन-बारचा संसर्ग जगातल्या बहुतेक प्रौढांना कधी ना कधी होऊन गेलेला असतो, आणि त्यातल्या फारच थोड्यांना कॅन्सर होतो. त्यामुळे शेजाऱ्याला हा आजार झाला म्हणून त्याच्या घरचे जेवण टाळणे निव्वळ अन्यायाचे आहे.

"विषाणूमुळे झाला म्हणजे हमखास बरा होतो." हा समज अर्धा खरा आहे आणि म्हणूनच धोक्याचा आहे. २०१० मध्ये डॉ. कियान आंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३२३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांचा आजार पुढच्या टप्प्यातला, टॉन्सिल व जिभेच्या मुळाच्या परिसरातला होता. एचपीव्ही असलेल्यांपैकी तीन वर्षांनंतर ८२.४ टक्के जिवंत होते. एचपीव्ही नसलेल्यांत हे प्रमाण ५७.१ टक्के होते. फरक मोठा आहे आणि दिलासा देणाराही.

पण त्याच अभ्यासातली तंबाखूची बाजू आपल्याकडे कुणी सांगत नाही. आयुष्यभराचे सिगारेटचे प्रमाण रोज एक पाकीट या हिशेबाने दहा वर्षांपेक्षा जास्त भरले, आणि आजार मानेतल्या अनेक गाठींत पसरलेला असला, तर एचपीव्ही असूनही रुग्ण मध्यम जोखमीच्या गटात गेला. या गटात तीन वर्षांनंतर ७०.८ टक्के जिवंत होते, कमी जोखमीच्या गटात ९३ टक्के. विषाणूमुळे मिळालेला फायदा धूम्रपानाने असा कमी होतो. सिंगापूरने २०१६ पासून गुटखा, खैनी आणि जर्द्यावर बंदी घातली आहे, तरी गावाहून येणाऱ्या सामानात तंबाखूची पुडी आणण्याचा मोह होतो. ती आणू नका. सिगारेट सोडायची असेल तर निदान होण्याची वाट कशाला पाहायची?

याला जोडूनच आणखी एक समज आहे, की आजार सौम्य असल्याने उपचारही सौम्य चालतील. तसा प्रयत्न झाला. सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाऐवजी सेटुक्सिमॅब हे औषध देऊन रेडिएशन केलेल्या रुग्णांत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ८४.६ वरून ७७.९ टक्क्यांवर आल्याचे २०१८ मध्ये समोर आले. उपचार कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांचा असतो, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा नव्हे.

"एचपीव्ही निघाला, म्हणजे कुणीतरी विश्वासघात केला." हे बोलून दाखवले जात नाही, पण संसार पोखरते. संसर्ग बहुधा वर्ष-दोन वर्षांत शरीर स्वतःच घालवते. ज्या थोड्यांत तो टिकतो, त्यांत कॅन्सर दिसायला दशके लागू शकतात. तो नेमका कधी आणि कुणाकडून आला, हे कुठलीही तपासणी सांगत नाही. जोडीदारावर संशय घेण्याला वैद्यकीय आधार नाही.

"लस फक्त मुलींसाठी." सिंगापुरात एप्रिल २०१९ पासून शाळेत माध्यमिकच्या पहिल्या वर्षातल्या मुलींना ही लस दिली जाते, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी. पण विषाणू तोच आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस भारतात ९ ते २६ वयाच्या मुलग्यांसाठीही मंजूर आहे. संसर्गापूर्वी घेतली तर तिचा लाभ अधिक. झालेला कॅन्सर मात्र तिने बरा होत नाही.

एचपीव्हीच्या घशातल्या कॅन्सरसाठी निरोगी माणसाची सर्वमान्य चाळणी-तपासणी अजून नाही. म्हणून लक्षणे ओळखावी लागतात. पहिली खूण अनेकदा मानेतली न दुखणारी गाठ असते आणि दुखत नाही म्हणूनच ती दुर्लक्षिली जाते. शिवाय गिळताना त्रास, एकाच बाजूचा कान दुखणे, नाकातून किंवा थुंकीतून रक्त, एका कानाने कमी ऐकू येणे. यातले काहीही तीन आठवडे टिकले, तर चोआ चू कांग पॉलिक्लिनिकमध्ये जा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा.