फुटले ते कुणाचे?

दसऱ्याचे सोने वाटून झाले, की आपल्याकडे घराघरांतून काही ठरावीक आवाज ऐकू येऊ लागतात. माळ्यावरची ट्रंक ओढल्याचा, जळमटे काढणाऱ्या लांब झाडूचा, शिडी या खोलीतून त्या खोलीत सरकविल्याचा. आणि मधूनच 'खळ्ळ्' असा एक. या शेवटच्या आवाजापाठोपाठ घरात क्षणभर जी शांतता पसरते, ती मोठी बोलकी असते. स्वयंपाकघरातून गृहिणी विचारते, "काय गं पडलं?" आणि दिवाणखान्यातून उत्तर यायला थोडा वेळ लागतो.

तो थोडा वेळ कशात जातो, हे मला सांगता येईल असे वाटते. योग्य क्रियापद शोधण्यात! मराठी शिकविण्यात आयुष्य गेल्यामुळे माझे लक्ष अशा ठिकाणी आधी जाते. आपल्या भाषेत 'फुटणे' निराळे आणि 'फोडणे' निराळे. फुलदाणी फुटली म्हटले, की जणू ती आपली आपणच फुटली. फोडली म्हटले, की लगेच कर्ता उभा राहतो. या दोहोंच्या मध्ये आपण 'हातून' नावाचा एक सुरेख आडोसा बांधून ठेवला आहे. "बाई, माझ्या हातून फुटली." हात माझा, पण इच्छा माझी नव्हती, एवढे सारे त्या एका शब्दात येते. मोलकरीण नेहमी हेच वाक्य बोलते. मालकीण मात्र पुष्कळदा त्याचे "तू फोडलीस" असे रूपांतर करते, आणि भांडणाला सुरुवात होते ती तिथून. तसे पाहिले तर फुटण्याचे भय आपल्या भाषेला जरा जास्तच आहे. बांगडी फुटली असे सवाष्णीने म्हणायचे नाही, 'वाढवली' म्हणायचे. नारळसुद्धा आपण वाढवतो. पण ही सवलत चिनी मातीच्या बरणीला कुणी देत नाही.

काचेचे सामान मध्यमवर्गीय घरात शिरले त्याला फार काळ लोटलेला नाही. आमच्या नगरच्या जुन्या वाड्यांतून खिडक्यांना लाकडी दारे आणि लोखंडी गज असत. काचा पुसायचा प्रश्नच नव्हता. भांडी तांब्या-पितळेची. ती आदळली तर पोचा येई, कासाराकडे नेली की काम भागे. फुटण्यासारखी मौल्यवान वस्तू घरात एकच, कंदिलाची काच. तळेगावचा पैसाफंड काच कारखाना १९०८ सालचा आणि ओगल्यांचा १९१६ चा. ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील घरोघर पोहोचला, तसे तिन्हीसांजेला राखुंडी आणि कागदाचा बोळा घेऊन काच पुसणे हे घरातल्या मुलीचे किंवा गड्याचे काम होऊन बसले. तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडला, की ती तडकायची. काचेतून उष्णता चटकन पसरत नाही. थेंबाखालचा भाग आकसतो, भोवतालचा तसाच ताणलेला राहतो, आणि काच मधल्यामध्ये दुभंगते. त्यात निष्काळजीपणा किती आणि पदार्थविज्ञान किती, याचा निवाडा करायला घरात कुणी थांबत नसे. पाठीत धपाटा बसे, आणि दुसऱ्या दिवशी नवी काच येई. गडी असेल तर ती त्याच्या पगारातून.

आता सावेडीकडे नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या सरकत्या खिडक्या म्हणजे भिंतीएवढ्या काचा. दिवाळीच्या आधी त्या पुसायला दोन-दोन पोरे बोलावण्याची चाल पडली आहे. बादली, रबरी पट्टी लावलेला दांडा, पाठीवर फवारणीचे पिंप. काम झपाट्याने होते. मौज अशी, की या मुलांच्या हातून खिडकीची काच क्वचितच फुटते. फुटते ते खिडकीतले. सरकते दार रुळावरून उचलून आत घेताना त्याचा कोपरा कठड्यावरच्या दिव्याला लागतो, नाहीतर कुंडी खाली जाते. गेल्या वर्षी आमच्या समोरच्या इमारतीत असाच एक काचेचा दिवा गेला. यजमानांनी ठेकेदाराला फोन केला. त्याने तत्परतेने दिव्याचे पैसे भरून दिले, वर दिलगिरीही व्यक्त केली. सारे समाधान पावले. ते पैसे त्याने त्या पोराच्या चार दिवसांच्या मजुरीतून वळते करून घेतल्याचे आम्हाला नंतर त्या पोराकडूनच कळले.

इथे कायदा काय म्हणतो? कामाच्या ओघात नोकराच्या हातून नुकसान झाले, तर ते मालकाने भरून द्यावे, हे तत्त्व जुने आहे. तेव्हा ठेकेदाराने दिव्याचे पैसे दिले हे रास्तच झाले. पण नंतर ते नोकराकडून वसूल करावेत का? १९५७ साली इंग्लंडात हा प्रश्न थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. रॉमफर्ड इथल्या एका बर्फाच्या कंपनीचा ट्रकचालक गाडी मागे घेत असताना त्याच कंपनीत काम करणारा त्याचा बाप जखमी झाला. बापाला भरपाई मिळाली, आणि विमा कंपनीने मालकाच्या नावाने ती रक्कम मुलाकडे मागितली. पाच न्यायाधीशांपैकी तिघे म्हणाले, मुलाने द्यावी. दोघे म्हणाले, नाही. निकाल मुलाविरुद्ध गेला. परंतु त्यावर इतका गहजब झाला, की संगनमत किंवा मुद्दाम केलेली आगळीक नसेल तर नोकरांमागे असे लागायचे नाही, असे तिथल्या विमा कंपन्यांनीच आपसांत ठरवून टाकले. कायदा जिंकला आणि कुणालाच तो वापरावासा वाटला नाही!

आपल्याकडे १९३६ च्या वेतन कायद्याने पगारातून कापून घेण्यावर चांगलीच वेसण घातली होती. जी वस्तू सांभाळायला म्हणून स्पष्टपणे सोपविली, ती कामगाराच्याच हलगर्जीपणाने गेली, तरच कपात. तीही नुकसानीपेक्षा अधिक नाही. आणि आधी त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून तर नाहीच. २०१९ च्या वेतनसंहितेतही हाच नियम पुढे चालविला आहे. परंतु १९३६ चा तो कायदा होता कारखान्यांसाठी, रेल्वेसाठी. आपल्या ओट्याशी भांडी घासणाऱ्या बाईपर्यंत तो पोहोचला नाही. तिच्या बाबतीत फिर्यादी, साक्षीदार, न्यायाधीश आणि पगार देणारा, सगळे एकच असतात.

पुण्याच्या मोलकरणी १९८० साली संपावर गेल्या, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढ, हक्काची सुटी, अशा मागण्या होत्या. २००८ मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याचा भर नोंदणीवर आणि अडीअडचणीच्या मदतीवर. खाड्याचे पैसे आणि फुटक्या कपाचे पैसे हे दोन हिशेब मात्र अजून स्वयंपाकघरातच होतात. त्यातून फुटतुटीचा हंगाम आणि दिवाळीच्या पोस्ताचा हंगाम एकच! "यंदा साडी राहू दे, ती बरणी गेली ना तुझ्याकडून," हे वाक्य किती घरांत बोलले जात असेल, देव जाणे.

माझ्या ओळखीच्या एका घरी असेच झाले. बरणी सासूबाईंच्या सासूबाईंची, चिनी मातीची, तपकिरी गळ्याची. पन्नास वर्षे तिच्यात लिंबाचे लोणचे मुरले. फडताळ पुसताना ती बाईंच्या हातून निसटली. घरातले कुणी काही बोलले नाही, पण चेहरे बोललेच असणार. तिसऱ्या दिवशी बाई कामावर आल्या त्या पिशवीत नवी बरणी घेऊन. त्यांच्या आठ दिवसांच्या कामाचे पैसे तरी तिच्यात गेले असतील. मालकीणबाईंची पंचाईत झाली. घ्यावी तर एका गरीब बाईचे पैसे घेतल्यासारखे. परत करावी तर तिचा अपमान. "बाई, तशी नाही मिळाली," असे मोलकरीणच आधी म्हणाली. घरातले वडील हिशेबी. त्यांचे म्हणणे, जुन्या वस्तूची भरपाई जुन्या वस्तूच्याच किमतीने व्हायची, आणि बाजारात त्या बरणीला कुणी काय दिले असते? त्यांचा हिशेब कायद्याला धरून होता, पण त्यांना जेवताना कुणी उत्तर दिले नाही.

अखेर मालकीणबाईंनी बरणी ठेवून घेतली आणि पोस्त नेहमीचेच दिले, वर बरणीचे पैसे त्या बाईंच्या मुलीच्या हाती 'पुस्तकांसाठी' म्हणून ठेवले. मला हा मार्ग पसंत आहे, जरी त्यात थोडा लपंडाव असला तरी. कारण उलट मार्गाने काय होते तेही मी पाहिले आहे. ज्या घरी फुटल्याचे पैसे कापतात, त्या घरी पुढे काही फुटतच नाही! कपाचा तुटका कान फेव्हिकॉलने चिकटतो, फुलदाणीची चीर भिंतीकडे वळते, आणि पाहुण्यांसमोर चहा सांडतो तेव्हा उलगडा होतो.

धोब्याच्या दुकानाचे एक उदाहरण या संदर्भात आठवते. मद्रासला एका लाँड्रीने पावतीवर छापून ठेवले होते, की कपडा हरवला तर किमतीच्या फक्त १५ टक्के मिळतील. एक नवी साडी हरवली, खटला झाला, आणि उच्च न्यायालयाने ती अट साफ धुडकावली. धंदा करणाऱ्याने धंद्याचा धोका गिऱ्हाइकावर ढकलायचा नाही, तसा तो हाताखालच्या पोरावरही ढकलायचा नाही, असे मी तरी म्हणेन. फुटतूट हा खिडक्या पुसण्याच्या धंद्यातला साबणासारखाच एक खर्च आहे. तो दरात धरावा. चार पैसे जास्त पडले तर आपण द्यावेत.

आणि आपल्याकडूनही एक गोष्ट व्हावी. सफाईची माणसे यायच्या आदल्या रात्री खिडकीतले, शोकेसमधले जे जिवापाड आहे ते आपल्या हाताने उचलून पलंगावर ठेवावे. समोरच्या इमारतीतल्या त्या यजमानांनी यंदा तसे केले. त्यात एक काचेचा मोर त्यांच्याच हातून पडला. "कसा पडला?" असे घरच्यांनी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "फुटला."