रील्सचा कंटाळा आलाय? मग हे उघडून बघा

सगळ्यात आधी नील डॉट फन. त्यातलं ‘द डीप सी’ म्हणजे एकच लांबलचक पान. खाली सरकवत राहायचं. मीटरचा आकडा वाढत जातो आणि त्या-त्या खोलीवरचे जीव दिसतात. ३,८०० मीटरच्या आसपास टायटॅनिक! तळ गाठेपर्यंत बोट दुखतं, पण पोरं हटत नाहीत.

रेडिओ गार्डनवर पृथ्वीचा गोल फिरवा, हिरव्या ठिपक्यावर थांबा, तिथलं स्टेशन सुरू. भांडी घासताना मी आइसलँड लावते. कळत काही नाही, मजा येते.

कामाचं म्हणाल, तर शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश फुकट बघता येतो. आणि बंद पडलेली साइट हवी असेल, तर वेबॅक मशीनमध्ये तिचा पत्ता टाका. नशीब असेल तर जुनं पान मिळतं.