ध्येय, साधन आणि गुन्हा

गुन्हा घडला की आपण गुन्हेगाराच्या स्वभावात त्याचे मूळ शोधू लागतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ साली या शोधाची दिशा बदलली. समाज सर्वांपुढे संपत्तीचे व प्रतिष्ठेचे एकच ध्येय ठेवतो. ते गाठण्याची न्याय्य साधने मात्र सर्वांना सारखी देत नाही. या तफावतीतून ताण उत्पन्न होतो आणि काही जण ध्येय न सोडता साधन बदलतात. यालाच ताण-सिद्धान्त म्हणतात.

याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. तेलुगू मुलखातील येरुकल लोक बैलांवर मीठ व धान्य लादून गावोगाव विकत. रेल्वे आली, मिठाविषयीचे सरकारी धोरण बदलले आणि हा व्यापार बुडाला. पुढे गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्यावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि बापटल्याजवळ स्टुअर्टपुरम येथे मुक्तिफौजेच्या देखरेखीखाली त्यांची वसाहत वसविली. ज्याला हजेरी द्यावी लागते आणि परवान्यावाचून गाव सोडता येत नाही, त्याने व्यापार कसा करावा? गुन्हा रोखण्यासाठी केलेल्या कायद्याने उपजीविकेचे उरलेसुरले मार्गही बंद केले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला; परंतु सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांतून संशय शिल्लक राहिला.

रॉबर्ट ॲग्न्यू यांनी १९९२ साली या सिद्धान्ताचा विस्तार केला. मिळालेले हिरावले जाणे आणि वारंवार अपमान होणे, हेही ताणच होत. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन वाचताना याची प्रचीती येते. लातूरकडील, म्हणजे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या भागातील ही कथा. तेथे मुलगा शाळेत जाऊ लागतो, तेव्हा त्याला पोलिसांच्या संशयाबरोबरच स्वजनांचा रोषही सोसावा लागतो. अर्थात, शाळेचे दार उघडणे पुरेसे नसते. त्या दारापर्यंतची वाटही निर्वेध करावी लागते.

धोरणकर्त्यांनी हे ओळखल्याचे दाखले आहेत. क्लोवर्ड व ओहलिन यांच्या १९६० च्या ग्रंथातील विचारांवर न्यूयॉर्कमध्ये तरुणांसाठी प्रशिक्षण व रोजगाराचा कार्यक्रम उभा राहिला. आपल्या शहरात चंचलगुडा कारागृहाच्या पेट्रोल पंपावर बंद्यांना काम मिळाले, त्यामागील तत्त्वही हेच.

एक आक्षेप मात्र विचारात घ्यावा. बहुसंख्य गरीब माणसे गुन्हा करीत नाहीत, आणि २००९ साली उघडकीस आलेला सत्यम कंपनीचा हिशेबातील घोटाळा दारिद्र्यातून घडलेला नव्हता. म्हणून ताण हे गुन्ह्याचे एकमेव कारण नव्हे आणि गुन्ह्याची सबबही नव्हे. दंडाची आवश्यकता राहतेच. परंतु प्रत्येक योजनेला एक प्रश्न विचारावा: ध्येय आणि साधन यांतील अंतर हिने घटले की वाढले? हा प्रश्न शासनाइतकाच, शाळेत प्रवेश देणाऱ्याला आणि कामावर माणूस नेमणाऱ्यालाही लागू आहे. या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज अशा जागांवर असतील. त्यांनी तो स्वतःस अवश्य विचारावा.