अवकाशीय हवामान
सूर्यावरील उद्रेकांमुळे पृथ्वीभोवतालचे चुंबकीय क्षेत्र व आयनांबर यांत होणाऱ्या बदलांस अवकाशीय हवामान म्हणतात. हे उद्रेक मुख्यतः दोन प्रकारचे असतात. सौर ज्वालेतील क्ष-किरण व जंबुपार किरण सु. ८ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात. त्यामुळे त्यांची आगाऊ सूचना देता येत नाही. किरीटद्रव्याच्या उत्क्षेपात मात्र अब्जावधी टन आयनद्रायू (विद्युत् भारित वायू) चुंबकीय क्षेत्रासह बाहेर फेकला जातो. त्यास पृथ्वीपर्यंत येण्यास सु. १५ तास ते काही दिवस लागतात. पूर्वानुमानास वाव मिळतो, तो या अवधीत.

इंग्लिश ज्योतिर्विद रिचर्ड कॅरिंग्टन यांनी १ सप्टेंबर १८५९ रोजी एक प्रखर सौर ज्वाला पाहिली. त्यानंतर सु. १७ तासांनी तीव्र चुंबकीय वादळ सुरू झाले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत भूचुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक सु. १,६०० नॅनोटेस्लांनी घटल्याची नोंद झाली. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असल्याने १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा सुरू करण्यात आली. परंतु अशा नोंदींवरून वादळ आल्यावरच कळते.

ही उणीव अवकाशयानांनी काही अंशी भरून काढली. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सु. १५ लक्ष किमी.वर असलेल्या एल-१ बिंदूभोवती यान फिरत ठेवल्यास सूर्याचे अखंड वेध घेता येतात. ‘सोहो’ हे यान १९९५ मध्ये, तर भारताचे ‘आदित्य-एल१’ २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडण्यात आले. आदित्य ६ जानेवारी २०२४ रोजी नियोजित कक्षेत पोहोचले. त्यावरील २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीत सूर्याची चित्रे घेणारी दूरदर्शक पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली. अन्य उपकरणे किरीट, सौरवातातील कण व चुंबकीय क्षेत्र यांचे मापन करतात.

आयनद्रायूच्या मेघातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख असल्यास ते पृथ्वीच्या उत्तराभिमुख क्षेत्राशी जोडले जाते आणि ऊर्जा आत शिरते. उत्तराभिमुख असल्यास परिणाम बराच सौम्य राहतो. ही दिशा सूर्याच्या चित्रांवरून खात्रीने ठरविता येत नाही. ती मेघ एल-१ पाशी आल्यावरच मोजली जाते. तेथून वेगवान मेघ अर्ध्या ते एका तासात पृथ्वीवर येतो. वीजजालावरील भार कमी करणे, उपग्रहांची नाजूक उपकरणे बंद ठेवणे एवढ्यास हा अवधी उपयोगी पडतो. १३ मार्च १९८९ रोजी चुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांतात सु. ६० लक्ष लोकांचा वीजपुरवठा सु. ९ तास खंडित झाला होता. त्यावरून या अल्प अवधीचे मोल ध्यानात येते.